दृष्टिहीनांचा प्रवास व ॲपआधारित वाहनसेवा

डोळ्यांना दिसत नाही किंवा फार थोडे दिसते अशा व्यक्तीने स्मार्टफोनवरील ॲपच्या साहाय्याने भाड्याचे वाहन मागविणे, ते ओळखणे, त्यातून इष्ट स्थळी पोहोचणे व भाडे चुकते करणे या क्रियांचा या विषयात समावेश होतो. डोळस प्रवाशाच्या दृष्टीने ॲपआधारित वाहनसेवा ही एक सोय असते. दृष्टिहीन प्रवाशाच्या दृष्टीने तो स्वावलंबनाचा प्रश्न ठरतो. केव्हा निघावे, कोठे जावे आणि कोणास बरोबर न्यावे हे स्वतः ठरविता येणे, यावर त्याचे शिक्षण, नोकरी, औषधोपचार व सामाजिक संबंध अवलंबून असतात. या सेवेमुळे वाहन मिळविण्याची व भाडे ठरविण्याची अडचण पुष्कळ कमी झाली. तथापि वाहन व प्रवासी यांची प्रत्यक्ष गाठ पडण्याची अडचण कायम राहिली. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव यांसारख्या ग्रामीण तालुक्यांत नेमकी उलट स्थिती आढळते. तेथे गाठ ओळखीच्या आवाजाने सहज पडते. परंतु हव्या त्या वेळी वाहन मिळेलच, याची शाश्वती नसते. या दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवून पाहिल्या असता दृष्टिहीनांच्या प्रवासास नेमके काय लागते, ते स्पष्ट होते.

व्याख्या व प्रमाण : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये दृष्टीचा पूर्ण अभाव, किंवा शक्य तितके उत्तम उपाय करूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृक्‌तीक्ष्णता ३/६० पेक्षा कमी असणे, किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असणे, यांपैकी कोणतीही अवस्था म्हणजे अंधत्व होय. ३/६० याचा अर्थ असा की, निकोप डोळ्यास ६० मी. अंतरावरून जे चिन्ह दिसते ते पाहण्यासाठी त्या व्यक्तीस ३ मी. अंतरावर यावे लागते. तीक्ष्णता ६/१८ ते ३/६० च्या दरम्यान, किंवा दृष्टिक्षेत्र ४० ते १० अंशांच्या दरम्यान असल्यास ती अल्पदृष्टी समजली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सु. ५०·३ लाख व महाराष्ट्रात सु. ५·७४ लाख व्यक्तींनी दृष्टीविषयक विकलांगता नोंदविली होती.

प्रवासाच्या संदर्भात अंधत्व व अल्पदृष्टी यांतील भेद महत्त्वाचा आहे. पूर्णपणे अंध व्यक्तीच्या हाती बहुधा पांढरी काठी असते व ती पाहून चालकास परिस्थिती कळते. अल्पदृष्टी असलेला प्रवासी मात्र डोळस माणसासारखाच चालतो. त्याला रस्त्याची कड व समोरची आकृती दिसते, पण वाहनाचा क्रमांक वाचता येत नाही. रातांधळेपणा असलेल्या व्यक्तीची अडचण तर दिवे लागल्यानंतरच सुरू होते. अशा प्रवाशाने ‘आपली गाडी कोणती?’ असे विचारले असता चालकास ते अनवधान किंवा टाळाटाळ वाटण्याचा संभव असतो.

पूर्वीची साधने : मराठीत एकुलत्या आधाराला ‘आंधळ्याची काठी’ म्हणतात. हा वाक्प्रचार बहुधा लाकडी काठीविषयी नसून माणसाविषयी, विशेषतः मुलाविषयी, वापरला जातो. काठीचे एक टोक अंधाच्या हाती व दुसरे पुढे चालणाऱ्या मुलाच्या हाती, हीच ग्रामीण भागातील प्रवासाची दीर्घकाळची रीत होती. तीत अंध व्यक्तीचे जाणे येणे मुलाच्या सवडीवर अवलंबून राही व मुलाची शाळा बुडे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज यांनी १९२१ मध्ये दृष्टी गमावल्यानंतर आपली काठी वाहनचालकांच्या नजरेस पडावी म्हणून पांढरी रंगविली, असे सांगितले जाते. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या अमेरिकन सैनिकांसाठी रिचर्ड हूवर यांनी लांब काठी डावीकडून उजवीकडे फिरवीत पुढील पावलाची जागा तपासण्याचे तंत्र विकसित केले. दिशाज्ञान व संचार यांच्या आधुनिक शिक्षणाचा पाया त्यातूनच घातला गेला.

भारतात अंधांसाठी पहिली शाळा अमृतसर येथे १८८७ मध्ये निघाली. मुंबईत अशी शाळा १९०० मध्ये व पुण्यात १९३४ मध्ये सुरू झाली. मुंबई येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंध संघाने (नॅब) हे कार्य पुढे देशभर विस्तारले. या शिक्षणामुळे विद्यार्थी परिचित आवारात व ठराविक रस्त्यांवर एकटे फिरू लागले. परंतु अपरिचित स्थळी जाण्यासाठी भाड्याचे वाहन शोधणे, मीटर वाचणे व योग्य जागी उतरणे यांकरिता सोबतीची गरज बहुतांशी तशीच राहिली.

ॲपआधारित सेवा व पडदावाचक : प्रवासी व चालक यांची गाठ इलेक्ट्रॉनीय माध्यमातून घालून देणाऱ्या मध्यस्थास मोटारवाहन कायद्यात ‘समूहक’ अशा अर्थाची संज्ञा आहे. सॅन फ्रॅन्सिस्को येथे २००९ मध्ये स्थापन झालेली उबर ही कंपनी २०१३ मध्ये बंगळूर येथून भारतात आली. त्यापूर्वी डिसेंबर २०१० मध्ये मुंबईत ओला ही भारतीय कंपनी सुरू झाली होती. दुचाकी वाहने पुरविणारी रॅपिडो ही कंपनी २०१५ मध्ये बंगळूर येथे निघाली. प्रवाशाचे स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून निश्चित करणे, जवळच्या चालकास निरोप देणे, भाडे आधी सांगणे व प्रवासाची नोंद ठेवणे ही सर्व कामे ॲप करते.

दृष्टिहीनांना हे ॲप वापरता येते ते पडदावाचक या प्रणालीमुळे. फोनच्या पडद्यावरील मजकूर ती मोठ्याने वाचून दाखविते. आयफोनवरील व्हॉइसओव्हर व अँड्रॉइड फोनवरील टॉकबॅक या दोन्ही प्रणाली २००९ पासून उपलब्ध आहेत. पडद्यावर बोट उजवीकडे सरकविले की पुढील घटक वाचला जातो व दोनदा टिचकी मारली की तो निवडला जातो. मराठी मजकूर वाचणारे कृत्रिम आवाजही आता उपलब्ध आहेत. रस्त्यावर हे साधन वापरताना एकच कान झाकण्याची काळजी घ्यावी लागते. कारण दृष्टिहीन व्यक्तीला वाहतुकीचे ज्ञान मुख्यतः कानांनीच होत असते.

वाहन मागविणे : पडदावाचक शब्द वाचतो, चित्र वाचत नाही. म्हणून ॲपमधील प्रत्येक कळीला तिच्या कार्याचे नाव दिलेले असणे आवश्यक असते. ते दिलेले नसेल, तर प्रवाशास केवळ ‘बटण’ एवढेच ऐकू येते व ते मागणी नोंदविण्याचे की रद्द करण्याचे हे कळत नाही. ॲपची नवी आवृत्ती आल्यावर कळींची नावे गळणे किंवा त्यांचा क्रम बदलणे, ही नेहमी आढळणारी अडचण आहे. डोळस व्यक्तीला अशा बदलाची सवय काही मिनिटांत होते. ऐकून वापरणाऱ्यास मात्र सारा पडदा नव्याने पाठ करावा लागतो. नकाशावर खूण सरकवून स्थळ निवडण्याची पद्धत दृष्टिहीनांना जवळजवळ निरुपयोगी असते. ते पत्ता लिहून किंवा बोलून देतात व सुचविलेल्या नावांतून निवड करतात.

या निवडीत स्थळनामांचे साधर्म्य फसवे ठरते. पुणे शहराच्या दक्षिणेस कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक व आंबेगाव खुर्द ही गावे आहेत. आंबेगाव तालुका मात्र जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. शिवाय ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव मिळाले, ते जुने गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले असून तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे. नकाशाकडे एक कटाक्ष टाकणाऱ्यास दिशेची चूक लगेच जाणवते. ऐकून निवडणाऱ्याने गाव, तालुका व जवळची खूण हे सर्व ऐकल्यावाचून मागणी नोंदविणे धोक्याचे असते. अपेक्षेपेक्षा फारच कमी किंवा अधिक भाडे सांगितले गेले, तर ती स्थळ चुकल्याची उपयुक्त सूचना मानता येते.

वाहनाची गाठ : दृष्टिहीन प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत कठीण टप्पा वाहन आल्यानंतर सुरू होतो. उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत काही मीटरांचा फरक पडतो आणि उंच इमारतींच्या दाटीत तो वाढतो. डोळस प्रवासी तेवढे अंतर नजरेने भरून काढतो. दृष्टिहीनासाठी तेच दहा-वीस मीटर म्हणजे रस्त्याची दुसरी बाजू, उघडे गटार किंवा उभ्या केलेल्या दुचाकींची रांग असू शकते. ॲप वाहनाचा रंग, बनावट व क्रमांक सांगते. पण या तिन्ही खुणा डोळ्यांसाठी असतात. विजेवर चालणारी वाहने जवळजवळ आवाज न करता येऊन थांबतात, त्यामुळे कानांची मदतही कमी होते.

या टप्प्यावर चालकाशी दूरध्वनीवर बोलणे हाच सर्वांत भरवशाचा उपाय ठरतो. आपल्याला दिसत नाही, हातात पांढरी काठी आहे, आपण अमुक दुकानाच्या पायरीपाशी उभे आहोत व वाहन आल्यावर हाक मारावी, एवढे मोजके शब्द पुरेसे असतात. आपल्या विकलांगतेची माहिती आधी द्यावी की नाही, हा मात्र नाजूक प्रश्न आहे. माहिती मिळाल्यावर अनेक चालक उतरून मदत करतात. काही ठिकाणी तीच माहिती फेरी रद्द होण्याचे कारण ठरते. बंगळूर येथे २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘नम्मा यात्री’ या ॲपमध्ये प्रवाशाच्या विकलांगतेची सूचना चालकास देण्याची सोय आहे. अशी सोय उपयुक्त ठरण्यासाठी चालकांना प्रशिक्षण देणे व अकारण रद्द केलेल्या फेऱ्यांची चौकशी होणे आवश्यक असते.

सुरक्षिततेसाठी अनेक सेवांत चार अंकी संकेतांक वापरतात. तो प्रवाशाने सांगितल्याखेरीज चालकाच्या फोनवर फेरी सुरू होत नाही. मुळात हा संकेतांक सर्वच प्रवाशांसाठी आहे. तथापि क्रमांक वाचू न शकणाऱ्यास तो विशेष उपकारक ठरतो. वाहन चुकीचे असल्यास संकेतांक लागू पडत नाही व फेरी सुरू झाल्याची सूचना प्रवाशाच्या फोनवर ऐकू येत नाही. प्रवाशाने आपले नाव आधी न सांगता चालकाकडूनच ते वदवून घेणे, ही या पडताळणीची आणखी एक सोपी पद्धत होय. इतर प्रवाशांच्या घाईत कोणी हाताला धरून भलत्याच वाहनात बसविण्याचा प्रसंग अशा वेळी टळतो. मदत करणाऱ्यानेही दृष्टिहीन व्यक्तीस ओढू किंवा ढकलू नये. आपला कोपर तिच्या हाती द्यावा, वाहनाच्या दाराच्या मुठीवर तिचा हात टेकवावा व टपाची उंची सांगावी, अशी मान्य रीत आहे.

भाडे व हिशेब : रिक्षाचा मीटर पाहून वाचावा लागतो. त्यामुळे दृष्टिहीन प्रवाशास चालकाने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसे. ॲपमध्ये भाडे निघण्यापूर्वीच ऐकता येते व प्रवासानंतर त्याची पावती राहते. या सेवेने दृष्टिहीनांना मिळवून दिलेला हा कदाचित सर्वांत निश्चित लाभ आहे. रोख रकमेच्या बाबतीत नोटांच्या आकारांतील फरक स्पर्शाने ओळखणे सोपे नसते. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी ‘मणि’ हे ॲप सुरू केले; कॅमेऱ्यापुढे धरलेल्या नोटेचे मूल्य ते बोलून सांगते व त्यासाठी इंटरनेटची गरज लागत नाही. यूपीआय (२०१६) या पद्धतीने पैसे देताना दुकानांत व काही रिक्षांत असलेले ध्वनियंत्र मिळालेली रक्कम मोठ्याने सांगते. ते बसविले जाते पैसे घेणाऱ्याच्या सोयीसाठी. पण न दिसणाऱ्या देणाऱ्यासही त्यामुळे व्यवहाराची खात्री पटते.

वाट पाहण्याच्या शुल्काचा प्रश्न निराळा आहे. वाहन येऊन ठराविक मिनिटे उलटली की अनेक सेवा जादा आकार लावतात. वाहन शोधण्यास अधिक वेळ लागणे हा विकलांगतेचाच परिणाम असल्याने हा आकार म्हणजे विकलांगतेवरील दंडच ठरतो. अमेरिकेच्या न्याय विभागाने याच मुद्द्यावर नोव्हेंबर २०२१ मध्ये उबर कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. जुलै २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने विकलांग प्रवाशांना हे शुल्क माफ करण्याचे व पूर्वी घेतलेल्या आकाराबद्दल भरपाई देण्याचे मान्य केले. यापूर्वी, मार्गदर्शक कुत्र्यासह येणाऱ्या अंध प्रवाशांना नाकारल्याबद्दल तेथील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये केलेला दावाही २०१६ मध्ये तडजोडीने मिटला होता.

जुन्नर व आंबेगाव तालुके : पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार अनुक्रमे सु. ४ लाख व सु. २·३५ लाख होती. पश्चिमेकडील भाग सह्याद्रीच्या रांगांचा, अतिपावसाचा व भातशेतीचा असून तेथे महादेव कोळी, ठाकर इ. आदिवासी जमातींच्या विखुरलेल्या वाड्या आहेत. पूर्वेकडील भाग बागायती असून ऊस, कांदा, टोमॅटो व भाजीपाला यांसाठी प्रसिद्ध आहे. पुणे–नाशिक राष्ट्रीय महामार्गावर मंचर, नारायणगाव व आळेफाटा ही मोठी बाजारगावे आहेत. आळेफाटा येथे या महामार्गास कल्याणहून माळशेज घाटाने येणारा रस्ता छेदतो. दोन्ही तालुक्यांत लोहमार्ग नाही. त्यामुळे सारी प्रवासी वाहतूक रस्त्यावरूनच होते.

ॲपआधारित सेवांचा व्यवसाय दाट वस्तीवर अवलंबून असतो. रिकामे वाहन पुढील प्रवासी मिळेपर्यंत फार दूर जावे लागले, तर चालकास फेरी परवडत नाही. म्हणून या सेवा महानगरांभोवती केंद्रित झाल्या. वाड्यावस्त्यांच्या या प्रदेशात राज्य परिवहनाची एस. टी. बस, वडाप म्हणून ओळखली जाणारी खाजगी जीप, रिक्षा व सांगून ठरविलेली गाडी हीच वाहने मुख्य आहेत. पश्चिमेकडील खोऱ्यांत डोंगरांच्या आडोशामुळे भ्रमणध्वनीचे संकेतही अनेक ठिकाणी क्षीण असतात. मग वाहन मागविण्याचे ॲप उपलब्ध असले, तरी ते चालेलच असे नाही.

एस. टी. ची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली. किमान ४० टक्के विकलांगता असलेल्या व्यक्तीस एस. टी. च्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते आणि विकलांगता ६५ टक्के वा अधिक असल्यास सोबत्यासही ५० टक्के सवलत असते. सोबत्याची सवलत उपकारक असली, तरी दृष्टिहीन व्यक्ती एकटी प्रवास करणार नाही, हे त्यात जणू गृहीत धरलेले दिसते. बसची पाटी वाचता येत नाही. म्हणून स्थानकावरील ध्वनिक्षेपक, वाहकाचा आवाज व शेजारच्या प्रवाशाचे उत्तर यांवर विसंबावे लागते. महामार्गावर गावांबाहेरून बाह्यवळण रस्ते झाल्यापासून गाडी गावातील स्थानकात जाणार की बाहेरूनच पुढे जाणार, हा प्रश्न चढण्यापूर्वी विचारणे आवश्यक झाले आहे. बाह्यवळणावर उतरलेल्या डोळस प्रवाशास थोडे चालावे लागते. अंध प्रवासी मात्र वेगवान वाहतुकीच्या कडेला दिशाहीन होतो.

ओळखीची वाहनव्यवस्था : जीपचा चालक वाटेवरील गावांची नावे ओरडून सांगतो. ज्याला पाटी वाचता येत नाही, त्याच्यासाठी ती हाक हीच पाटी असते. गावातील रिक्षावाला दृष्टिहीन प्रवाशास नावाने ओळखतो, दारापर्यंत येतो, पिशवी उचलतो व पोहोचल्यावर घरी निरोपही देतो. वाहन ओळखणे, खात्री पटणे, चढणे उतरणे ही ॲपला न साधणारी कामे येथे ओळखीने होतात. त्यासाठी स्मार्टफोनही लागत नाही. साध्या फोनमध्ये दोन-तीन चालकांचे क्रमांक असले म्हणजे पुरते. वृद्धांच्या दृष्टीने ही सोय विशेष महत्त्वाची आहे.

या व्यवस्थेच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. जीप भरल्याशिवाय निघत नाही व अनेकदा मर्यादेपेक्षा अधिक माणसे घेते. तीत काठी धरून बसणे कठीण जाते. ठरविलेल्या गाडीचे भाडे तोंडी असते व त्याची पावती नसते. प्रवासाची नोंद कोठेही राहत नसल्याने, विशेषतः एकट्या स्त्रीला, तक्रारीस आधार मिळत नाही. ओळखीच्या चालकामुळे कोण कोठे गेले, हे साऱ्या गावास कळते. दवाखाना, न्यायालय किंवा नोकरीची मुलाखत यांसारख्या खाजगी कामांसाठी ते नकोसे असू शकते. चालक लग्नसराईत किंवा शेतमाल वाहण्यात गुंतला, तर दुसरा पर्याय नसतो. संध्याकाळनंतर वाहने विरळ होतात. उसाच्या शेतांतून बिबट्यांचा वावर असलेल्या या भागात फाट्यापासून वस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पा पायी जाणे कोणालाही धोक्याचे असते. न दिसणाऱ्यास तर ते अशक्यप्राय होते.

प्रवासाचा प्रश्न अंधत्वाच्या निवारणाशीही थेट निगडित आहे. २०१५–१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत ५० वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांतील सु. ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आल्याचे आढळले. म्हणजे ते बहुतांशी शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगे होते. नारायणगाव येथे डॉ. मनोहर डोळे यांनी ग्रामीण रुग्णांसाठी नेत्ररुग्णालय उभारले. त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. परंतु रुग्णालय जवळच्या बाजारगावी असले, तरी वाडीवरील वृद्धास तपासणीसाठी, शस्त्रक्रियेसाठी व नंतर पुन्हा दाखविण्यासाठी अनेक खेपा कराव्या लागतात. प्रत्येक खेपेस घरातील एकाची मजुरी बुडते. अशा स्थितीत बरे होण्याजोगे अंधत्वही केवळ वाहन व सोबत यांच्या अभावी टिकून राहू शकते.

दोन व्यवस्थांचा सांधा : या तालुक्यांतून शिक्षण, नोकरी किंवा उपचारासाठी पुण्यास जाणाऱ्या दृष्टिहीन प्रवाशास एकाच दिवसात दोन्ही व्यवस्था वापराव्या लागतात. सकाळी ओळखीच्या रिक्षाने स्थानकावर, तेथून बसने शहरात व पुढे ॲपवरील वाहनाने इष्ट स्थळी, असा त्याचा मार्ग असतो. पुण्यातील शिवाजीनगर बसस्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडी येथे हलविण्यात आले. अशा स्थलांतराने डोळस प्रवाशाची गैरसोय होते. दृष्टिहीनाचा तर पावले, वळणे, चहाच्या टपरीचा वास व रस्त्याचा आवाज यांतून वर्षानुवर्षे मनात जुळविलेला नकाशाच पुसला जातो. अशा वेळी ॲपवर मागविलेले वाहन हा मोठा आधार असतो. मात्र स्थानकाच्या कोणत्या दारापाशी वाहन येणार, हे ठरलेले व स्पर्शाने शोधता येण्याजोगे असेल तरच.

कायदेशीर तरतुदी : परवाना असलेल्या भाड्याच्या वाहनाच्या चालकाने कायद्याचे उल्लंघन करून प्रवासी नाकारणे हा मोटारवाहन अधिनियम, १९८८ अन्वये दंडनीय अपराध आहे. या अधिनियमात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने समूहकांना परवाना घेणे बंधनकारक झाले. त्यांच्यासाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२० मध्ये व नंतर सुधारून जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. महाराष्ट्र शासनानेही २०२५ मध्ये समूहकांविषयी आपले धोरण जाहीर केले. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात वाहतूक तसेच माहिती व संप्रेषण यांची साधने सुगम करण्याची तरतूद आहे. संगणकीय सेवांच्या सुगमतेसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १७८०२ हे मानक दोन भागांत (२०२१ व २०२२) प्रसिद्ध केले.

राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की, सुगमतेची मानके केवळ शिफारशींच्या स्वरूपात ठेवणे मूळ अधिनियमाशी विसंगत आहे. किमान मानके बंधनकारक असली पाहिजेत. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाने संगणकीय सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले. त्या प्रकरणात ग्राहकाची ओळख पडताळताना डोळ्यांची उघडझाप करण्याची व छायाचित्र काढण्याची अट अंध व्यक्ती आणि आम्लहल्ल्यात चेहरा विद्रूप झालेल्या व्यक्ती यांना बँक व इतर सेवांपासून वंचित ठेवते, असा प्रश्न होता. वाहनसेवेचे ॲप पडदावाचकाने वाचता येणे ही कंपनीची मेहरबानी नसून प्रवाशाचा हक्क आहे, या भूमिकेस या निर्णयांमुळे आधार मिळाला.

सुधारणेची दिशा : शहरी सेवांत कळींना नावे देणे, नवी आवृत्ती काढण्यापूर्वी ती दृष्टिहीनांकडून तपासून घेणे, वाट पाहण्याचे शुल्क माफ करणे व चालकांना हाक मारून गाठ घेण्याचे प्रशिक्षण देणे, हे उपाय फारसे खर्चाचे नाहीत. ग्रामीण भागात महानगरी ॲपची वाट पाहत बसण्यापेक्षा असलेल्या व्यवस्थेस शिस्त लावणे अधिक फलदायी ठरण्याजोगे आहे. बसस्थानकावर वाहन येण्याची एक ठराविक जागा व तेथपर्यंत पायांना जाणवणारी पट्टी, परवानाधारक चालकांच्या क्रमांकांची ग्रामपंचायतीत ठेवलेली यादी, भाड्याचे जाहीर दरपत्रक, साध्या फोनवरून बोलून वाहन मागविण्याची सोय आणि रुग्णालयाच्या दिवसाशी जुळणारी बसफेरी, एवढ्या गोष्टींनी पुष्कळ प्रवास सोबतीवाचून होऊ शकतील. शहरातील सेवेकडून नोंद व निश्चित भाडे आणि गावातील रीतीकडून आवाज व ओळख घेतली, तरच दृष्टिहीन प्रवाशाची काठी त्याच्या स्वतःच्या हाती राहील. तिचे दुसरे टोक धरण्यासाठी घरातील मुलाला शाळा सोडावी लागणार नाही.